पावसाळ्यात बोटं कुजतात, खाज जात नाही? नुसती ट्यूब चोळू नका, ताट बघा आणि साखर तपासा

आमच्या प्रतिनिधीकडून

ही बातमी लिहू की नको, असा विचार मी बरेच दिवस करत होतो. विषयच असा आहे की चारचौघात कुणी बोलत नाही. पण रानात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर दबक्या आवाजात हाच विषय ऐकू येतो. म्हणून माझ्या स्वतःच्या घरापासून सुरुवात करतो.

मागच्या पावसाळ्यात भाताच्या चिखलात आणि उसाला रात्रीचं पाणी पाजण्यात माझे पाय सतत ओले. लाईट रात्रीची, त्यामुळं पाणी रात्रीचंच. आधी पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडून सोलायला लागली. आम्हा शेतकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, दरवर्षीचंच आहे. मग जांघेत खाज सुरू झाली. त्यानंतर लघवीच्या जागी लाली आणि आग. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत आराम. आठवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा ट्यूब. असे चार महिने गेले.

त्याच काळात घरच्यांनाही त्रास होता. अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं आणि रात्रभर खाज. पण त्यांनी मला सांगितलं नाही. सांगितलं ते आशाताईंना, तेही ताई दुसऱ्याच कामानं घरी आल्या तेव्हा. एवढंच नाही, तर आपल्यामुळंच नवऱ्याला लागण झाली असं त्या मनात धरून बसल्या होत्या. इकडं माझ्या मनात नको ते येत होतं, हेही कबूल करतो. एका घरात दोघं, दोघांनाही खाज, आणि दोघंही गप्प.

शेवटी आशाताईंनी दोघांनाही दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं, बुरशीची लागण आहे म्हणाले, आणि मला विचारलं, "साखर कधी तपासली होती?" मी म्हटलं, मला कशाला साखर असेल, दिवसभर रानात राबतो. तपासली तर उपाशीपोटी १८४ आणि जेवणानंतर २७६. म्हणजे चार महिने मी ट्यूब चोळत होतो आणि दुखणं रक्तात होतं.

त्यानंतर डॉक्टरांना, तालुक्यातल्या एका वैद्यांना भेटून, विचारून, वाचून जे समजलं ते सगळं इथं मांडतो.

ही बुरशी आहे तरी काय?

या बुरशीचं नाव कॅन्डिडा. पाव फुगवायला जे यीस्ट वापरतात त्याच जातकुळीतली ही एक. ती बाहेरूनच येते असं नाही. बहुतेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर आणि बायकांच्या योनीमार्गात ती थोडीफार असतेच. तिथं चांगले जंतूही राहतात. ते आणि आपली प्रतिकारशक्ती मिळून बुरशीला डोकं वर काढू देत नाहीत.

शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. करप्याचे बीजाणू भाताच्या शिवारात असतातच. पण करपा कधी पडतो? ढगाळ हवा, सतत पानं ओली, आणि वरून कुणी युरिया जास्त टाकून पीक लुसलुशीत केलं की. बी तिथंच होतं, रान तयार झालं म्हणून ते फोफावलं. कॅन्डिडाचं अगदी तसंच आहे. रान तयार होतं ते असं :

* रक्तात साखर वाढली की. साखर हे बुरशीचं खत.
* अँटिबायोटिकचा कोर्स झाला की. त्यात वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात. तणनाशक मारून मोकळं झालेल्या रानात पहिलं कोण उगवतं ते आपण बघतोच.
* ओल राहिली की. चिखल, घाम, ओले कपडे, प्लॅस्टिकचे बूट, लहान मुलांचे डायपर.
* गरोदरपणात. शरीरातले बदलच तसे असतात.
* स्टेरॉइडच्या गोळ्या, मलम किंवा दम्याच्या पंपानंतर चूळ न भरल्यास.
* कवळी रात्रभर तोंडात ठेवली तर.
* प्रतिकारशक्ती खूप कमी झाली असेल तर, जसं की एचआयव्ही किंवा कॅन्सरच्या उपचारात.

घरच्यांचं कारण वेगळंच निघालं. त्यांना साखर नव्हती. दाढेच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता आणि खाज सुटली म्हणून त्या दिवसातून तीन-तीनदा साबणानं धुवत होत्या. त्यामुळं उलट वाढलं. म्हणजे घर एक, बुरशी एक, पण कारणं दोन. त्यामुळं शेजारणीला दिलेलं औषध आपल्याला चालेलच असं नाही.

कुठं दिसते, कशी ओळखायची?

बायकांमध्ये घट्ट, दह्यासारखा पांढरा स्राव, खूप खाज, आग, लघवी करताना जळजळ. याला सहसा घाण वास नसतो. वास येत असेल, रंग हिरवट-पिवळट असेल, ओटीपोटात दुखत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचं औषधही वेगळं. शिवाय पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, बिनवासाचा, बिनखाजेचा स्राव जाणं हा आजारच नाही. त्याला घाबरून औषधं घेत बसू नये. दर चार बायकांमागं तिघींना आयुष्यात एकदा तरी कॅन्डिडाचा त्रास होतो, असं वैद्यकशास्त्र सांगतं. म्हणजे लाजण्यासारखं यात काही नाही.

पुरुषांमध्ये शिश्नाच्या टोकाला लाली, बारीक पुरळ, खाज, पांढरा थर. कातडी मागं सरताना चिरा पडतात. हे वारंवार होत असेल तर साखर तपासलीच पाहिजे. कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण हीच असते.

कातडीवर जांघ, काख, बायकांच्या स्तनांखाली, पोटाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात. लालभडक, ओलसर, कडेला बारीक पुळ्या. सतत पाण्यात हात असणाऱ्या बायकांच्या नखांच्या कडाही सुजतात.

तोंडात जिभेवर, गालात पांढरा थर. तान्ह्या बाळांना होतो तो हाच. पुसला की निघतो आणि खाली लाल दिसतं. इथं एक गोष्ट फार महत्त्वाची : तंबाखू, मिश्री, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा असेल आणि तो पुसून निघत नसेल, तर ती बुरशी समजून घरी बसू नका. तो पुढं कॅन्सरकडं जाणारा चट्टा असू शकतो. लगेच दाखवा.

गोल, कडा उठलेलं, मधून बरं होत जाणारं ते गजकर्ण किंवा नायटा. तीही बुरशीच, पण जात दुसरी. ती एकापासून दुसऱ्याला कपड्यांतून, टॉवेलमधून सहज लागते.

आधी साखर, मग बाकीचं

वैद्यांनी आणि डॉक्टरांनी, दोघांनीही एकच गोष्ट सांगितली. तीस वर्षांवरील माणसाला असा त्रास परत परत होत असेल तर आधी रक्तातली साखर. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी मोफत तपासतात. बोटाला सुई टोचून दोन मिनिटांचं काम.

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा त्याहून जास्त आली, पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह. १०० ते १२५ मधले काठावरचे. त्यांनीच जास्त सावध व्हायचं, कारण तिथून मागं फिरता येतं.

आधीच मधुमेहाचं औषध सुरू असलेल्यांसाठी एक गोष्ट. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही गोळ्या असतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी त्यांची नावं. गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीलाही उपयोगी पडतात, पण लघवीत साखर गेल्यामुळं काहींना त्या जागी बुरशी होते. ही गोळी सुरू केल्यानंतर खाज सुरू झाली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

आयुर्वेद याकडे कसं बघतो?

जुन्या ग्रंथांत कॅन्डिडा हे नाव अर्थातच नाही. तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्हते. पण लक्षणं त्यांनी बारकाईनं लिहून ठेवली आहेत. चरकसंहितेत बायकांच्या वीस प्रकारच्या योनिव्यापदा सांगितल्या आहेत. त्यात कफामुळं होणाऱ्या प्रकारात चिकट स्राव आणि खाज सांगितली आहे. गजकर्णाला दद्रू म्हणून अठरा कुष्ठांमध्ये, म्हणजे त्वचारोगांमध्ये धरलं आहे. कुष्ठ म्हटलं म्हणून घाबरू नका. तिथं त्या शब्दाचा अर्थ सगळे त्वचाविकार असा आहे.

वैद्यांनी मला समजावलं ते सोप्या भाषेत असं. पचनाचा अग्नी मंद झाला की खाल्लेलं नीट पचत नाही. कफ वाढतो आणि शरीरात नको तेवढी ओल, म्हणजे क्लेद वाढतो. जिथं ओल, तिथं खाज. म्हणून औषध वरून लावायचं तर लावा, पण आतली ओल कमी केल्याशिवाय दुखणं परत परत येणार.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढचं ऐकून. प्रमेह म्हणजे ज्यात आजचा मधुमेह येतो, तो कशानं होतो हे चरकांनी सांगितलं आहे : आरामात बसून राहणं, झोपेचं सुख, दही, दुधाचे पदार्थ, नवीन धान्य आणि गुळाचे प्रकार. कफ वाढवणारं सगळं त्यात आलं. आणि वारंवार खाज, स्राव असणाऱ्याला वैद्य जे बंद करायला सांगतात ती यादीही जवळपास हीच. म्हणजे डॉक्टर साखर म्हणतात आणि वैद्य कफ म्हणतात, पण ताटातून काय काढायचं यावर दोघांचं बरंचसं जमतं.

सुश्रुतांनी तर गरीब प्रमेही माणसाला लांबवर पायी चालायला आणि विहीर खणायला सांगितलं आहे. हे ऐकून मी हसलो. आम्ही तर रानातच असतो की. तेव्हा वैद्य म्हणाले, "दादा, आता नांगरट ट्रॅक्टरनं, फवारणी पंपानं, आणि रानात जायला मोटारसायकल. तुमचा आजोबा जेवढा चालायचा त्याच्या निम्मं तरी तुम्ही चालता का?" मला उत्तर देता आलं नाही.

ताटात काय असावं?

खाली दिलेलं हे औषध नाही, पथ्य आहे. खिशाला परवडणारं आणि गावात मिळणारं तेवढंच लिहितो.

*धान्य.* जुनं, म्हणजे निदान वर्षभर ठेवलेलं धान्य हलकं मानलं आहे. नवा तांदूळ लगेच खायला घेऊ नये. ज्वारीची भाकरी चांगली. जव, ज्याला काही भागात सातू म्हणतात, त्याला या दुखण्यात आयुर्वेदात मान आहे. ज्वारीच्या दळणात थोडे जव घालून बघा. पण साखर असणाऱ्यानं भाकरीसुद्धा मोजूनच खावी. तीन भाकऱ्यांच्या जागी दीड-दोन, आणि भाजी दुप्पट.

*कडधान्य.* मूग सगळ्यात बरे. मुगाचं वरण, मुगाचं कढण. मटकी, कुळीथही चालतात. हरभरा, उडीद ज्यांना जड पडतात त्यांनी कमी करावेत.

*भाज्या.* पडवळ, दोडका, दुधी, कारलं, मेथी, शेवग्याच्या शेंगा आणि पाला. कडू आणि तुरट चव कफ कमी करते असं शास्त्र. कारल्यात गूळ घालून केलं तर मग कारल्याचा काय उपयोग?

*मसाला.* आलं, लसूण, हळद, जिरं, मिरी, हिंग स्वयंपाकात रोजच्याप्रमाणे. चमचा-चमचा गिळायची गरज नाही.

*ताक.* दही आणि ताक यात आयुर्वेदानं मोठा फरक केला आहे. दही जड, कफ वाढवणारं, आणि रात्री तर खाऊच नये असं सांगितलं आहे. घुसळून, लोणी काढून, पाणी घातलेलं ताजं ताक मात्र हलकं. दुपारच्या जेवणात वाटीभर ताक, त्यात भाजलेलं जिरं आणि चिमूटभर सुंठ. आंबट झालेलं, दोन दिवसांचं ताक नको.

काय कमी करायचं?

साखर, मिठाई, बेकरीची बिस्किटं, खारी, टोस्ट, थंड बाटल्या. चहा दिवसातून सहा वेळा होत असेल तर दोनवर आणा. सहा कप म्हणजे बारा चमचे साखर कुठं गेली ते कळतही नाही.

आणि आता गुळाचं. आपला भाग गुळाचा. गुऱ्हाळावर गेलं की काकवी आणि गरम गूळ खाल्ल्याशिवाय कुणी परत येत नाही. साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केला आणि आता मधुमेहाची काळजी मिटली असं सांगणारे माझ्याच गावात दहा जण आहेत. मंडळी, गुळानं रक्तातली साखर वाढतेच. गुळात थोडे क्षार असतील, पण मधुमेह्याला आणि वारंवार बुरशी होणाऱ्याला गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण माझाच ऊस गुऱ्हाळाला जातो.

दारू बंद. मैदा कमी. रात्री उशिरा जड जेवण नको. शिळं, आंबवलेलं, तळलेलं रोज नको.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फोनवर हल्ली व्हिडिओ येतात की अंग दुखणं, थकवा, पोट फुगणं, केस गळणं हे सगळं पोटातल्या कॅन्डिडामुळं, आणि अमुक किट घ्या, तमुक फळं बंद करा. निरोगी माणसानं साखर सोडली की कॅन्डिडा मरतो याला पक्का पुरावा नाही. ज्याच्या रक्तात साखर जास्त आहे, त्याला पथ्याचा खरा फायदा होतो. थकव्याला रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह अशी साधी कारणं आधी तपासावीत. हजारो रुपयांचं किट कुरिअरनं मागवण्याआधी आरोग्य केंद्रातली मोफत तपासणी करा.

दिवसाचं वेळापत्रक

* पहाटे लवकर उठणं. उठल्यावर कोमट पाणी.
* अर्धा-पाऊण तास भराभर चालणं. रानातली कामं वेगळी, चालणं वेगळं.
* अंघोळीनंतर काख, जांघ, बेचकी कोरडी पुसणं. मगच कपडे.
* भूक लागल्यावरच जेवण. चहा-बिस्किटानं भूक मारू नये.
* दुपारी जेवून लगेच आडवं होऊ नये. उन्हाळा सोडून दिवसाची झोप आयुर्वेदात वर्ज्य सांगितली आहे. रात्री पाणी पाजून आलेल्यानं मात्र थोडी झोप घ्यावी, पण जेवणाआधी.
* संध्याकाळी शक्य तितकं लवकर आणि हलकं जेवण.

पावसाळ्यात अग्नी मुळातच मंद असतो असं ऋतुचर्येत सांगितलं आहे. श्रावणातले उपवास साबुदाणा, बटाटा, वरी, शेंगदाणे असे भरभरून केले तर तो उपवास राहत नाही. साखर असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास करूच नये. गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते.

पाय, कपडे, बाकीची काळजी

रानातून आल्यावर पाय स्वच्छ पाण्यानं धुवा आणि प्रत्येक बेचकं जुन्या सुती कापडानं कोरडं करा. नुसते धुतलेले पाय तसेच चपलेत घातले तर काही उपयोग नाही. गमबूट आतून ओले झाले की उलटे टांगून वाळवा. शक्य असेल तर दोन जोड ठेवा. चिखल्यांना खोबरेल तेल किंवा करंज तेल लावायची आपल्याकडं जुनी रीत आहे. पाण्यात उतरायच्या आधी ते पातळ लावलं तर पाण्यापासून कातडीला आडोसा होतो. जखम उघडी असेल तर मात्र आधी दाखवा. मधुमेह्यानं पायाची जखम एक दिवसही अंगावर काढू नये.

आतले कपडे सुती आणि सैल. रोज बदला. बायकांच्या कपड्यांबद्दल मुद्दाम लिहितो. आपल्याकडं बायका आतले कपडे लाजेनं साडीखाली किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळत घालतात. तिथं ऊन नाही, वारा नाही. कपडा अर्धा ओलाच अंगावर चढतो. पाळीच्या कपड्याचंही तेच. घरातल्या पुरुषांनी एवढं करावं : अंगणात उन्हात एक दोरी बांधून द्यावी आणि त्यावर काय वाळतंय याकडं बघू नये. मी बांधली. खर्च वीस रुपये. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा.

धुण्यासाठी साधं पाणी पुरतं. त्रिफळ्याचा किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा काढा गाळून, कोमट करून बाहेरून धुवायला वैद्य सांगतात. पंचवल्कल म्हणजे वड, उंबर, पिंपळ अशा पाच झाडांच्या सालींचा काढाही यासाठी प्रसिद्ध आहे. पण फक्त बाहेरून. आत पाणी किंवा काढा मारणं हे वैद्यांच्या देखरेखीखालीच. घरी नाही. आतले चांगले जंतू वाहून गेले तर दुखणं वाढतं. सुगंधी साबण, डेटॉल, जाहिरातीतले वॉश यांनीही तेच होतं.

मेडिकलमधली ती ट्यूब

माझी चूक इथंच झाली. खाज म्हटलं की दुकानदार जी ट्यूब देतो तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि स्टेरॉइड असं तिन्ही कालवलेलं असतं. स्टेरॉइडमुळं खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून वाटतं गुण आला. पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते. महिनोन्‌महिने लावल्यावर जांघेतली कातडी पातळ होते, पांढऱ्या-लाल रेघा पडतात. त्या कायमच्या राहतात. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी गावोगावी ती मिळतात.

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यापैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. नाव वाचता येत नसेल तर फोटो काढून आशाताईंना किंवा डॉक्टरांना पाठवा.

खरं औषध महागडं नाही. क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम किंवा योनीमार्गात ठेवायची गोळी, किंवा फ्लुकोनॅझोलची तोंडाने घ्यायची गोळी. कोणती, किती, किती दिवस हे डॉक्टरच ठरवतील. गरोदर बाईनं तोंडाने घ्यायची गोळी स्वतःहून मुळीच घेऊ नये. आणि खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नये.

हे मात्र करू नका

* लसूण ठेचून त्या जागी लावणं. कातडी भाजते.
* हळद, दही, लिंबू, तुरटी, खायचा सोडा योनीमार्गात घालणं.
* बॅटरीतलं पाणी, ब्लेडनं खरडणं. नायट्यावर हे करणारे अजून आहेत.
* यात्रेत, बाजारात डबीतून मिळणारी बिननावाची मलमं आणि पुड्या. त्यात स्टेरॉइड किंवा धातू असू शकतात.
* पथ्य सुरू केलं म्हणून मधुमेहाची गोळी बंद करणं.
* आयुर्वेदाचं औषध घ्यायचंच तर नोंदणीकृत पदवीधर वैद्यांकडून घ्या, आणि चालू गोळ्यांची यादी त्यांना दाखवा.

ताबडतोब दवाखाना कधी?

गरोदर असाल, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल, स्रावात रक्त किंवा घाण वास असेल, पाळी गेल्यानंतर स्राव सुरू झाला असेल, फोड किंवा जखमा असतील, वर्षात तीन-चार वेळा परत येत असेल, तोंडातला थर गिळताना घशात दुखवत असेल, किंवा आठवडाभर बरोबर औषध घेऊनही फरक नसेल. पाळी गेल्यानंतरचा रक्तमिश्रित स्राव कधीच अंगावर काढू नका.

आणि शेवटचं, संशयाबद्दल

कॅन्डिडा हा गुप्तरोग मानला जात नाही. ज्यांचा कुणाशीही संबंध आला नाही अशा मुलींनाही होतो, म्हाताऱ्या आयांनाही होतो, तान्ह्या बाळाच्या तोंडातही होतो. जोडीदाराला कधीकधी खाज होऊ शकते, पण म्हणून कुणी कुठं गेलं होतं असा अर्थ निघत नाही. आपल्याच भागात पांढरं जातंय एवढ्या कारणावरून सुनेला माहेरी पाठवल्याचं मी ऐकलं आहे. औषध काही दिवसांचं, पण तो डाग त्या पोरीच्या आयुष्यावर राहिला.

माझी साखर आता गोळी, चालणं आणि पथ्यावर उपाशीपोटी ११८ पर्यंत आली आहे. पाय अजून चिखलात असतात, पण या पावसाळ्यात ट्यूब आणावी लागली नाही. घरच्यांचा त्रास डॉक्टरांच्या सहा दिवसांच्या औषधानं आणि साबण बंद केल्यानं गेला. अंगणातली दोरी तेवढी कायम आहे.

तुमच्या घरात कुणी गप्प गप्प असेल, रात्री उठून बसत असेल, तर आज विचारा. आणि पुढच्या वेळी आशाताई दारात आल्या की आधी बोट पुढं करा, साखर बघून घ्या.